जुन्या छोट्या विमानाच्या एडींचा हिशोब: यादी कशी बांधायची आणि ती कुठे चुकते

‘सर्व एडी तपासल्या, पूर्ण आहेत.’ जुन्या विमानांच्या लॉगबुकात ही ओळ वर्षानुवर्षे दिसते, आणि तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. कोणत्या एडी, कोणत्या पद्धतीने, किती तासांवर, पुढची कधी, यातले एकही उत्तर तिच्यात नाही.

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, विमानयोग्यतेचा सक्तीचा निर्देश. इथली उदाहरणे अमेरिकी नोंदणीच्या आणि अमेरिकी बनावटीच्या छोट्या विमानांची आहेत, त्यामुळे नियमही एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचे आहेत. त्या नियमावलीतल्या भाग ३९ प्रमाणे एडी पाळणे कायद्याने बंधनकारक आहे. कलम ९१.४०३ प्रमाणे त्याची मुख्य जबाबदारी मालकाची किंवा चालवणाऱ्याची आहे, मेकॅनिकची नाही. ९१.४१७ प्रमाणे लागू असलेल्या प्रत्येक एडीची सद्यस्थिती नोंदलेली हवी: एडी नंबर, रिव्हिजनची तारीख, पूर्ततेची पद्धत, आणि एडी वारंवार करायची असेल तर पुढची वेळ व तारीख. विमान दुसऱ्या देशात नोंदलेले असेल तर तिथल्या प्राधिकरणाचे निर्देश आणि ज्या देशात विमानाचे डिझाइन झाले त्या देशाचे निर्देश, दोन्ही पाहावे लागतात. कामाचा क्रम मात्र हाच.

बहुतेक जण संगणकावर मॉडेल टाकून मिळालेली यादी छापतात आणि एकेका ओळीपुढे खूण करत जातात. चुकीची सुरुवात इथेच होते. यादी विमानावर प्रत्यक्ष बसलेल्या भागांवरून बांधायची असते.

१. विमान वाचा

टॉर्च, आरसा, चिंधी आणि कॅमेरा घेऊन हँगरमध्ये जा. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आणि तपासणीची झाकणे मेकॅनिककडून उघडून घ्या. दिसेल त्या प्रत्येक पाटीचा फोटो काढा आणि पुढील माहिती लिहून घ्या:

- विमान: बनावट, अचूक मॉडेल, सिरीयल नंबर. ‘सेसना १७२’ एवढे पुरत नाही. १७२एम की १७२एन? आणि फ्रान्समध्ये रीम्सने बांधलेले एफ१७२ असेल तर त्याची सिरीयल मालिका वेगळी असते.
- इंजिन: अक्षरांसकट पूर्ण मॉडेल. ओ-३२०-ई२डी आणि ओ-३२०-एच२एडी यांच्या एडी सारख्या नाहीत.
- प्रॉपेलर: हबचे मॉडेल व सिरीयल, पाती बदलता येत असतील तर प्रत्येक पात्याचे सिरीयल.
- सुटे उपकरण: दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे), कार्ब्युरेटर किंवा फ्युएल इंजेक्टर, इग्निशन स्विच, अल्टरनेटर, व्हॅक्यूम पंप, ऑइल कूलर, एअर फिल्टर, ज्वलन हीटर असेल तर तो, चाके व ब्रेक, सीटबेल्ट, ईएलटी (अपघातात ठावठिकाणा कळवणारा रेडिओ), ट्रान्सपाँडर, ऑटोपायलट.

जास्तीत जास्त एडी या चौथ्या गटात सुटतात. उपकरणाच्या एडीवर विमानाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. एडी ७६-०७-१२ पाहा. ती बेंडिक्स इग्निशन स्विचवर आहे. असा स्विच सेसनात असो की पायपरमध्ये, दर १०० तासांनी तपासणी लागते. ८४-२६-०२ इंजिनाच्या कागदी एअर फिल्टरवर आहे आणि ५०० तासांनी फिल्टर बदलायला सांगते. ९६-१२-०७ बेंडिक्स मॅग्नेटोंच्या इम्पल्स कपलिंगवर आहे आणि दर ५०० तासांनी तपासणी मागते. विमानाच्या नावाने शोधलात तर या तिन्ही हाती लागणार नाहीत.

मग मेजर रिपेअर व अल्टरेशनचे फॉर्म ३३७ काढा. विमानासोबत नसतील तर एफएएकडून त्या विमानाच्या फाइलची प्रत मागवा. एसटीसीने, म्हणजे मूळ डिझाइनमधल्या बदलाच्या मंजुरीने, बसवलेल्या प्रत्येक गोष्टीला तिची स्वतःची एडी असू शकते.

*इशारा:* भागाचा नंबर लॉगबुकातून उतरवून घेऊ नका. २५ वर्षांत मॅग्नेटो दोनदा बदललेला असतो आणि नोंद एकाच वेळची सापडते. पाटी वाचता येत नसेल तर ‘अवाच्य’ असे लिहा. अंदाजाने नंबर भरू नका.

२. तासांचा पाया पक्का करा

एडीत ‘टाइम इन सर्व्हिस’ हा शब्द येतो. नियमातली त्याची व्याख्या अशी: विमानाने जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ. हॉब्ज मीटर, म्हणजे तास मोजणारा मीटर, बहुधा टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवर चालण्याचा वेळही मोजतो. टॅक, म्हणजे टॅकोमीटरवरचा तासांचा आकडा, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. देखभालीच्या नोंदी सहसा टॅकवर ठेवल्या जातात. निवडाल तो आधार कायम ठेवा. एका ओळीत हॉब्ज, दुसरीत टॅक असे झाले की दहा वर्षांनी वजाबाकी जुळत नाही.

जुन्या विमानात टॅक बदललेला असतोच असे धरून चाला. समजा जुना टॅक २८४६.३ वर काढला आणि नवा शून्यावर बसवला. आज नवा टॅक १३२०.५ दाखवतो, म्हणजे विमानाचे एकूण तास ४१६६.८. ही बेरीज तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा. बदलाच्या नोंदीचे पान तिच्यापुढेच लिहा.

विमान, इंजिन, प्रॉपेलर आणि तासांवर मोजला जाणारा प्रत्येक भाग यांचे तास वेगळे ठेवा. इंजिनाच्या एडीत ‘एकूण तास’, ‘ओव्हरहॉलपासूनचे तास’ आणि ‘भाग बसवल्यापासूनचे तास’ असे तीन वेगळे आधार येतात. कोणता लागतो ते एडीच्या मजकुरावरच ठरते.

३. शोध घ्या: चार वेगळ्या याद्या

एफएएच्या डायनॅमिक रेग्युलेटरी सिस्टीममध्ये, म्हणजे डीआरएसमध्ये, विमान, इंजिन, प्रॉपेलर आणि उपकरणे यांचा शोध वेगवेगळा घ्या. चारही याद्या एकत्र करण्याची घाई नको.

कंपन्यांची नावे बदलली आहेत आणि एडी जुन्याच नावाखाली राहिल्या आहेत. सेसनासाठी सेसना आणि टेक्स्ट्रॉन एव्हिएशन अशी दोन्ही नावे टाका. लायकॉमिंगसाठी ॲव्हको लायकॉमिंग आणि टेक्स्ट्रॉन लायकॉमिंगही पाहा. मॅग्नेटोंसाठी बेंडिक्स, टेलिडाइन कॉन्टिनेन्टल आणि कॉन्टिनेन्टल. कार्ब्युरेटरसाठी मार्व्हल-शेबलर, फॅसेट आणि प्रिसिजन. बीचक्राफ्टसाठी बीच, रेथिऑन, हॉकर बीचक्राफ्ट आणि टेक्स्ट्रॉन. मूळ विमानाचे प्रमाणपत्र आणि मॉडेलची नेमकी ओळ टाइप सर्टिफिकेट डेटा शीटमधून ताडून घ्या. सेसना १७२ मालिकेसाठी ती ३ए१२ आहे.

नंबराची घडणही लक्षात ठेवा. २०२०-२६-१६ म्हणजे २०२० सालच्या २६व्या पंधरवडी यादीतली सोळावी एडी. २००० सालाआधी वर्ष दोन आकडी होते: ८७-२०-०३. नंबरापुढे ‘आर१’, ‘आर२’ असेल तर ती त्याच एडीची सुधारित आवृत्ती आहे. नवा नंबर जुन्याच्या जागी आला असेल तर जुनी ओळ ‘रद्द, जागी अमुक’ अशी लिहून ठेवा, पुसू नका. सेसनाच्या आसनाच्या रुळांची ८७-२०-०३ आता चालत नाही, तिच्या जागी २०११-१०-०९ आली आहे. लॉगबुकात २०११ नंतरही जुन्याच नंबरावर सह्या दिसत असतील तर नव्या एडीची पूर्तता झाली असे मानता येत नाही.

*पडताळणी:* टप्पा १ मधल्या प्रत्येक भागापुढे ‘शोध घेतला, तारीख’ लिहिलेले आहे का? काही सापडले नसले तरी तेही लिहा.

४. एडी लागू आहे का ते ठरवा

आता प्रत्येक एडीचा पूर्ण मजकूर उघडा. शीर्षक किंवा सारांशावरून निर्णय घेऊ नका. लागू होण्याच्या कलमात सहसा एकाहून जास्त अटी असतात: मॉडेल, सिरीयलची मर्यादा, भागाचा नंबर, कधी भागावरची तारीख किंवा छाप. ‘आणि’ व ‘किंवा’ कुठे आहे ते अधोरेखित करा.

‘लागू नाही’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही, कारण लिहा. ‘सिरीयल मर्यादेबाहेर.’ ‘हा भाग बसवलेला नाही, बसवलेला भाग अमुक नंबराचा, ता. अमुक रोजी पाहिला.’ सिरीयलमुळे लागू नसलेली एडी बहुधा कायमची बाजूला जाते. भागामुळे लागू नसलेली एडी भाग बदलला की परत लागू होऊ शकते. या दोन प्रकारांना तक्त्यात वेगळी खूण द्या.

तिसरा प्रकार प्रसंगावर अवलंबून असतो आणि तो सर्रास विसरला जातो. २००४-१०-१४ लायकॉमिंग इंजिनांवर आहे आणि प्रॉपेलर कशाला तरी आपटला की ती जागी होते. मग ॲक्सेसरी हाउसिंग उतरवून क्रँकशाफ्टचा गिअर तपासावा लागतो, त्याचा बोल्ट आणि लॉकप्लेट बदलावी लागते. त्यात इंजिन बंद असतानाचा आघातही धरला आहे, पात्याला नुसत्या घासकामापलीकडची दुरुस्ती लागली तर. टोइंग करताना हँगरच्या दाराला पाते लागले आणि प्रॉपेलरच्या दुकानात दुरुस्त करून आणले, तर ही एडी लागते. असल्या एडींपुढे ‘लागू, प्रसंगाची वाट’ असे लिहा.

*इशारा:* कंपनीच्या सर्व्हिस बुलेटिनवर ‘मँडेटरी’ छापलेले असले तरी खासगी वापराच्या विमानाला ते तेवढ्यावर कायद्याने सक्तीचे होत नाही. एडीने त्याचा हवाला दिला की होते, आणि तेव्हा एडीत लिहिलेली आवृत्तीच वापरावी लागते. एडीत ‘रिव्हिजन बी’ असेल आणि मेकॅनिकने हाताशी असलेल्या ‘डी’ने काम केले, तर एडीत तशी मुभा आहे का ते बघा. नसेल तर एएमओसी, म्हणजे पूर्ततेच्या पर्यायी पद्धतीची मंजुरी, लागेल.

५. मुदतीचे कलम सावकाश वाचा

हिशोब सर्वांत जास्त इथे चुकतो.

*जे आधी आणि जे नंतर.* ‘एकूण १००० तास होण्यापूर्वी, किंवा एडी लागू झाल्यापासून ५० तासांत, यांपैकी जे नंतर येईल ते.’ विमानाचे ४१६६.८ तास झालेले असतील तर हजाराची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे. म्हणून मुदत लागू तारखेच्या तासांपासून ५० तास. तेच वाक्य ‘जे आधी येईल ते’ असे असते तर पहिल्याच दिवशी मुदत संपलेली असती. लागू तारखेला टॅक किती होता हे म्हणूनच लिहून ठेवायचे. ते नंतर शोधणे कठीण जाते.

*लागू तारीख.* एडी निघाल्याची तारीख आणि लागू होण्याची तारीख वेगळ्या असतात. घड्याळ लागू तारखेपासून सुरू होते.

*महिने.* ‘१२ कॅलेंडर महिने’ आणि ‘१२ महिने’ एक नाहीत. काम १० मार्च २०२५ ला झाले असेल तर पहिल्याची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत, दुसऱ्याची १० मार्च २०२६ पर्यंत.

*शंभर तासांची सवलत.* ९१.४०९ मधल्या १०० तासांच्या तपासणीला, तपासणीच्या ठिकाणी पोचण्यासाठी १० तासांपर्यंत जास्त उडता येते. ही सवलत एडीला नाही, एडीनेच दिली असेल तर गोष्ट वेगळी. आणि खासगी वापरामुळे तुमच्या विमानाला १०० तासांची तपासणी लागतच नसली, तरी १०० तासांची एडी लागतेच. वर्षाला १५० तास उडणाऱ्या विमानात ७६-०७-१२ दोन वार्षिक तपासण्यांच्या मध्ये येऊन जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

*लवकर केलेले काम.* ८० तासांवरच तपासणी उरकली तर पुढचे १०० तास तिथून मोजायचे. उरलेले २० तास पुढे जोडता येत नाहीत. ३४१२.६ ला केलेल्या कामाची पुढची मर्यादा ३५१२.६.

मुदत संपली आणि विमान दुसऱ्या विमानतळावर अडकले, तर कामाच्या ठिकाणी नेण्यासाठी खास उड्डाण परवाना मिळू शकतो. पण काही एडी तो नाकारतात किंवा अटी घालतात. मजकुरातले ते कलम आधी वाचा, मगच अर्ज करा.

६. लॉगबुकात पुरावा शोधा

ताज्या पानापासून मागे जा. ‘आधी पूर्ण केलेले’ अशी नोंद सापडली की थांबू नका. ज्या नोंदीत काम खरोखर झाले त्या मूळ नोंदीपर्यंत पोचा. कित्येकदा वीस वर्षे प्रत्येक जण आधीच्या सहीवर विसंबलेला असतो आणि मुळाशी कामाची नोंदच नसते.

मूळ नोंदीत तीन गोष्टी बघा. एक, एडीच्या कोणत्या कलमाने पूर्तता केली. तपासणी करत राहणे आणि भाग बदलून एडी कायमची संपवणे असे दोन मार्ग एकाच एडीत असू शकतात. दोन, बदललेल्या भागाचा नंबर. तीन, तोच भाग आजही बसलेला आहे का.

पायपरच्या उंच पंखांच्या विमानांतल्या आधार-दांड्यांची २०१५-०८-०४ याचे चांगले उदाहरण आहे. बंदिस्त दांड्या बसवल्या की नळीच्या गंजाची दर २४ महिन्यांची तपासणी थांबते. पण दांडीच्या टोकाच्या फोर्कसाठी त्याच एडीत वेगळे कलम आहे. ‘बंदिस्त दांड्या आहेत, एडी संपली’ असे मानणारे फोर्ककडे बघतच नाहीत.

मूळ पुरावा नसेल तर ‘बहुधा झाले असेल’ हे उत्तर नाही. आधी प्रत्यक्ष भाग पाहा. बदललेल्या भागाचा नंबर किंवा एडीत सांगितलेला छाप दिसला तर मेकॅनिक त्या आधारावर आजच्या तारखेची नोंद करू शकतो. ओव्हरहॉलच्या दुकानाचे कामाचे कागदही पुरावा ठरतात. लायकॉमिंगच्या ऑइल पंपाची ९६-०९-१० सारखी एडी इंजिनाच्या आतल्या भागांची आहे. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून तिथे हे कागदच कामाला येतात. तेही नसतील तर काम पुन्हा करावे लागते.

कागद हरवण्याची किंमत किती असते हे पायपर पीए-२८ आणि पीए-३२ मधल्या काही मॉडेलांवरच्या मुख्य स्पारच्या (पंखातल्या मुख्य तुळईच्या) २०२०-२६-१६ वरून कळते. तिथे तास सरळ मोजत नाहीत. सूत्र असे: १०० तासांच्या तपासण्यांची संख्या गुणिले १००, अधिक उरलेले तास भागिले १७. समजा एकूण तास ७५००. अशा २० तपासण्या झाल्या असतील तर २००० अधिक ५५०० भागिले १७, म्हणजे सुमारे २३२४. ६० झाल्या असतील तर ६००० अधिक १५०० भागिले १७, म्हणजे सुमारे ६०८८. मर्यादा ५००० आहे. ती ओलांडली की स्पारच्या खालच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी लागते. (ही ‘एडी’ म्हणजे भोवरा-विद्युत, निर्देश नव्हे. नोंदीत हा गोंधळ होऊ देऊ नका.) नोंदी अपुऱ्या असतील तर कमी आकडा धरण्याची मोकळीक मिळत नाही. दुसऱ्या विमानाचा वापरलेला पंख बसवला असेल तर हिशोब त्या स्पारच्या इतिहासावर करायचा.

७. तक्ता भरा

एका एडीला एक ओळ. रकाने पुढीलप्रमाणे ठेवा:

- एडी नंबर व रिव्हिजन, विषय, लागू तारीख
- लागू आहे की नाही आणि कारण
- पूर्ततेची पद्धत, एडीच्या कलमासह
- तारीख आणि तास, कोणत्या आधाराने मोजले ते धरून
- एकदाच, वारंवार की प्रसंगानुसार
- पुढची मुदत तासांत आणि तारखेत
- पुरावा: कोणते लॉगबुक, कोणते पान
- सही व परवाना नंबर

वारंवारच्या ओळी वेगळ्या पानावर घेऊन मुदतीच्या क्रमाने लावा. ते एक पान कॉकपिटच्या कागदांत ठेवा, म्हणजे उड्डाणाआधी टॅकशी ताडून बघता येईल. एएमओसीचे पत्र असेल तर त्याच्या अटी तक्त्यात उतरवा. मूळ एडीच्या जागी नवी आली की जुनी एएमओसी आपोआप चालू राहत नाही. नव्या एडीने तसे म्हटले आहे का ते बघा.

*पडताळणी:* दुसऱ्या कोणाला तरी कोणतीही पाच ओळी निवडायला सांगा. पुरावा दोन मिनिटांत हाती आला पाहिजे.

८. नोंद नीट लिहून घ्या

तक्ता म्हणजे नोंद नव्हे. काम केले त्या दिवशी लॉगबुकात सही पडलीच पाहिजे. चालणारी नोंद साधारण अशी असते: ‘एकूण तास ३४१२.६. एडी ७६-०७-१२ प्रमाणे इग्निशन स्विचची तपासणी केली, दोष आढळला नाही. पुढची ३५१२.६ तासांपूर्वी.’ खाली तारीख, सही, परवान्याचा प्रकार व नंबर. एडीत अनेक कलमे असतील तर कोणत्या कलमाने काम झाले तेही लिहा. विमान नेण्याआधी ही नोंद उभ्या उभ्या वाचा. मेकॅनिक समोर असताना चूक लगेच दुरुस्त होते.

वैमानिकाने स्वतः एडीची तपासणी करून सही करणे चालते का? त्या एडीच्या मजकुरात तशी परवानगी लिहिलेली असेल तरच. काम किती सोपे दिसते यावर ते ठरत नाही.

९. नव्या एडी आणि बदललेले भाग

एफएएची ईमेल सूचना आपल्या विमानाच्या, इंजिनाच्या आणि प्रॉपेलरच्या नावाने सुरू करा. उपकरणांसाठी सूचना वेगळी लावा. नोंदणीतला पत्ता बदलला असेल तर कळवा, कारण तातडीची एडी नोंदणीकृत मालकाला थेट पाठवली जाते. तरीही फक्त सूचनांवर विसंबू नका. प्रत्येक वार्षिक तपासणीआधी पूर्ण शोध पुन्हा घ्या आणि तारीख लिहा.

वापरलेला भाग बसवण्याआधी, बसवल्यानंतर नव्हे, त्याचा नंबर आणि सिरीयल एडींशी ताडा. ८१३०-३ टॅग (भाग वापरण्याजोगा असल्याचा एफएएचा कागद) आहे म्हणजे सगळ्या एडी झाल्या असे नव्हे. टॅगवर कोणत्या एडी लिहिल्या आहेत ते वाचा. भाग बदलला की टप्पा १ ची यादी त्याच दिवशी बदला, आणि ‘भाग नाही म्हणून लागू नाही’ अशी खूण असलेल्या ओळी पुन्हा तपासा.

विमान विकताना एडींची सद्यस्थिती विमानासोबत द्यावी लागते. घेताना विक्रेत्याचा तक्ता घ्या, पण स्वतःचा टप्पा १ पासून नव्याने बांधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. ज्या ओळी जुळत नाहीत त्यांचा पुरावा सौदा होण्याआधी मागा.